‘सी’चा अबोल शिल्पकार : डेनिस रिची

बदलापूर पूर्वेच्या शिरगावातून सकाळची लोकल गाठून अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात एक ठरलेला प्रश्न सोडवला आहे. इंग्रजीत स्मॉल अक्षरांत लिहिलेला शब्द घ्यायचा आणि ‘सी’ या संगणकभाषेत आज्ञावली लिहून तो कॅपिटल अक्षरांत करून दाखवायचा. आपल्या गावाचेच नाव घेतले, तर एस, एच, आय, आर, जी, ए, ओ, एन अशी आठ अक्षरे होतात. दहा-बारा ओळींची आज्ञावली चालते, पडद्यावर आठही अक्षरे कॅपिटल होऊन उमटतात, जर्नलवर सही मिळते आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो. मात्र शब्दातील एकेक अक्षर सुटे काढावे, त्यावर काम करावे आणि ते जागच्या जागी परत ठेवावे, एवढी साधी गोष्ट आधीच्या भाषेत सुखासुखी होत नव्हती. ‘सी’चा जन्म होण्यामागे जी कारणे होती, त्यांतले हे एक ठळक कारण. ही भाषा घडवणाऱ्या डेनिस रिची यांना जाऊन आता एका तपाहून अधिक काळ लोटला आहे. त्यांच्या भाषेवर आजही जगातील असंख्य यंत्रे चालतात. पण ती शिकणाऱ्या अनेकांना त्यांचे नाव पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठापलीकडे ठाऊक नसते. स्वतःविषयी फारसे न बोलणाऱ्या या शास्त्रज्ञाचे आयुष्य त्यांच्या भाषेसारखेच होते : आटोपशीर, काटकसरी आणि नेमके.

टेलिफोन कंपनीच्या छायेत

डेनिस मॅकअलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील अलिस्टर रिची हे अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या ‘बेल लॅबोरेटरीज’ या विख्यात संशोधन संस्थेत काम करीत. टेलिफोनचे संदेश एका तारेवरून दुसऱ्या तारेवर वळवणाऱ्या विद्युतमंडलांची रचना हा त्यांचा विषय. त्यावर त्यांनी दोन सहकाऱ्यांसह लिहिलेला ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बराच काळ अभ्यासला गेला. पुढे कुटुंब न्यू जर्सीतील समिट या गावी स्थायिक झाले. मरे हिल येथील बेल लॅबोरेटरीजचे मोठे आवार तेथून जवळच होते. डेनिस यांचे शालेय शिक्षण समिटमध्येच झाले.

हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी १९६३ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. तेथे शिकत असताना ‘युनिव्हॅक’ या सुरुवातीच्या संगणकावरील एक व्याख्यान त्यांच्या कानी पडले आणि मन संगणकाकडे ओढले गेले. पदव्युत्तर अभ्यासासाठी त्यांनी उपयोजित गणित निवडले. आज्ञावलीची रचना आणि गणिताची गुंतागुंत यांचा संबंध शोधणारा त्यांचा प्रबंध १९६८ मध्ये लिहून तयार झाला. असे असूनही डॉक्टरेट त्यांच्या नावापुढे कधीच लागली नाही. नियमानुसार बांधणी केलेली प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्यावी लागे. ती त्यांनी दिलीच नाही, असे त्यांच्या परिचितांनी पुढे सांगितले. प्रबंधाची प्रत अनेक दशके दृष्टीआड राहिली आणि त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ती अभ्यासकांसमोर आली. पदवी नसल्याची खंत त्यांनी बाळगल्याचे दिसत नाही. तोवर, १९६७ मध्ये, ते वडिलांच्याच संस्थेत रुजू झालेही होते.

फसलेल्या प्रकल्पातून

त्या काळी बेल लॅबोरेटरीज, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून ‘मल्टिक्स’ नावाचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प हाती घेतला होता. एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, हा त्याचा हेतू. खर्च वाढत गेला, काम लांबत गेले आणि १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजने अंग काढून घेतले. रिची आणि त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांच्या हातची यंत्रसामग्री गेली. पण एकत्र बसून काम करण्याची जी चटक त्यांना लागली होती, ती काही सुटेना.

थॉम्पसन यांना ‘पीडीपी-७’ नावाचा, फारसा वापरात नसलेला एक लहान संगणक सापडला. १९६९ च्या उन्हाळ्यात त्यावर त्यांनी एका नव्या कार्यप्रणालीचा सांगाडा उभा केला. हीच ‘युनिक्स’. रिची या कामात सुरुवातीपासून त्यांच्या बरोबरीने होते. दोघांचे स्वभाव वेगळे, पण कामाची जात एकच. अनावश्यक ते काढून टाकावे आणि उरेल ते नीट करावे, ही शिस्त दोघांनीही मल्टिक्सच्या फसगतीतून घेतली होती.

नव्या प्रणालीसाठी नवे यंत्र हवे होते. निव्वळ संशोधनासाठी पैसे मिळणे अवघड होते, म्हणून या गटाने मजकूर तयार करणारी आणि त्याची मांडणी करणारी व्यवस्था उभारून देण्याचे सुचवले. प्रस्ताव मान्य झाला आणि १९७० मध्ये ‘पीडीपी-११’ हे यंत्र आले. पहिले गिऱ्हाईक मिळाले ते संस्थेचा पेटंट विभाग. तेथील टंकलेखक पेटंटचे अर्ज युनिक्सवर टंकित करू लागले. म्हणजे युनिक्सने आपले पोट भरले ते आकडेमोडीवर नव्हे, अक्षरांवर. पुढच्या घडामोडी समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

एका अक्षरासाठी

युनिक्सवर आज्ञावली लिहिण्यासाठी थॉम्पसन यांनी ‘बी’ नावाची भाषा तयार केली होती. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या ‘बीसीपीएल’ या भाषेचे ते छोटे रूप. ‘बी’ला एकच मोजमाप ठाऊक होते आणि ते म्हणजे यंत्राच्या स्मृतीतील एक संपूर्ण कोठा. आकडा असो, पत्ता असो वा अक्षर, सगळ्यांना तेच माप. जुन्या यंत्रात हा कोठा १८ बिटांचा होता आणि जागा वाचवण्यासाठी त्यात दोन अक्षरे कोंबून बसवावी लागत. मग मधलेच एखादे अक्षर बदलायचे झाले, तर आधी सारा मजकूर सुटा करायचा, प्रत्येक अक्षर वेगळ्या कोठ्यात मांडायचे, बदल करायचा आणि पुन्हा सगळे जोडीजोडीने कोंबायचे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे.

नव्या ‘पीडीपी-११’ची रचना निराळी होती. त्यात ८ बिटांच्या प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता होता. यंत्र एकेका अक्षरापर्यंत थेट पोहोचू शकत होते. भाषेला मात्र ते जमत नव्हते. हा विजोडपणा रिची यांना खटकला. १९७१ पासून त्यांनी ‘बी’मध्ये सुधारणा करायला घेतल्या. अक्षरासाठी एक वेगळा प्रकार आला, ‘कॅर’ या नावाचा, बरोबर एका बाइटचा. पूर्णांकासाठी दुसरा. मग या प्रकारांच्या रांगा, त्यांचे पत्ते आणि पत्त्यांवरची बेरीज-वजाबाकी. काही काळ या भाषेला ‘न्यू बी’ म्हटले गेले. बदल इतके झाले की जुने नाव पुरेना; तेव्हा वर्णमालेतील पुढचे अक्षर घेऊन १९७२ च्या सुमारास तिचे नाव ‘सी’ झाले.

शब्द साठवण्याची पद्धतही त्यांनी तितकीच साधी ठेवली. अक्षरे एकापाठोपाठ एक ठेवायची आणि शब्द संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्य किमतीचा एक बाइट ठेवायचा. त्यामुळे इंग्रजीतील ‘शिरगाव’ची आठ अक्षरे ‘सी’मध्ये नऊ बाइट घेतात. बीसीपीएलमध्ये शब्दाच्या आरंभी अक्षरांची संख्या लिहीत असत. तेवढ्याशा जागेत मोठी संख्या मावत नसल्याने शब्दाच्या लांबीवर मर्यादा येई. शेवटच्या शून्याने ती मर्यादा गेली. विद्यार्थ्याची आज्ञावली पहिल्या अक्षरापासून निघते, एकेक अक्षर बदलत जाते आणि शून्य दिसताच थांबते.

बत्तीसचे अंतर

अक्षर बदलायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे समजण्यासाठी सांकेतिक आकड्यांकडे पाहावे लागते. संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ या मानकात सुरुवातीला केवळ कॅपिटल अक्षरांना आकडे मिळाले होते. स्मॉल अक्षरे १९६७ च्या आवृत्तीत आली. त्यांची जागा मात्र हुशारीने निवडण्यात आली. कॅपिटल ‘ए’चा आकडा ६५, तर स्मॉल ‘ए’चा ९७. कॅपिटल ‘एस’ ८३, स्मॉल ‘एस’ ११५. कोणतीही जोडी घ्या, अंतर ३२ चेच. दुसऱ्या शब्दांत, सव्वीसही जोड्यांत ३२ किमतीचा एकच बिट काय तो निराळा असतो.

म्हणून ‘सी’मध्ये काम सोपे होते. अक्षराचा आकडा ९७ ते १२२ च्या दरम्यान आहे का, हे तपासायचे आणि असल्यास त्यातून ३२ वजा करायचे. ११५ चे ८३ होतात आणि ‘एस’ कॅपिटल होतो. तपासणी विसरली, तर मात्र फजिती ठरलेली. आधीच कॅपिटल असलेल्या ‘एस’च्या ८३ मधून ३२ गेले की ५१ उरतात आणि ५१ हा ‘३’ या अंकाचा आकडा आहे. गावाच्या नावाची सुरुवात अंकाने झालेली पाहून अनेक विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत ‘टू-अपर’ ही तयार सोय अशीच विनातपासणी वजाबाकी करीत असे. तपासण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची. लिहिणाऱ्यावर विश्वास टाकायचा आणि त्याच्या वाटेत यायचे नाही, हा ‘सी’चा स्वभावच होता.

कॅपिटल आणि स्मॉल यांच्यातील फरक त्या काळी यंत्रांनाही नीट झेपत नव्हता. ‘टेलिटाइप ३३’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या टंकयंत्रावर फक्त कॅपिटल अक्षरे उमटत. त्या काळच्या ‘फोरट्रान’ आणि ‘कोबोल’ या भाषांतील आज्ञावल्याही कॅपिटलमध्येच लिहिल्या जात. रिची आणि थॉम्पसन यांनी मात्र युनिक्स आणि ‘सी’साठी स्मॉल अक्षरांचा मार्ग धरला. ‘सी’चे सगळे मूळ शब्द स्मॉल लिपीत आहेत आणि तिच्या लेखी कॅपिटल ‘ए’ व स्मॉल ‘ए’ ही दोन वेगळी नावे आहेत. जुन्या यंत्रांवर बसणाऱ्यांचीही युनिक्सने सोय पाहिली. कोणी आपले नाव संपूर्ण कॅपिटलमध्ये टंकित करून आत आला, तर समोरचे यंत्र स्मॉल अक्षरे जाणत नाही, असे प्रणाली समजून घेई आणि त्याची सारी अक्षरे स्वतःच स्मॉल करून वाचत असे. अक्षरांची लिपी बदलण्याचे जे काम आज प्रात्यक्षिकात शिकवले जाते, ते युनिक्सच्या उंबरठ्यावर रोज घडत होते.

भाषेची कसोटी

भाषा तयार झाली, पण तिची खरी कसोटी पुढे होती. कार्यप्रणालीचा गाभा तोवर यंत्राच्या बोलीत, म्हणजे असेंब्लीत लिहिण्याचा प्रघात होता. वेगळ्या भाषेत तो लिहिल्यास कामाची गती मंदावेल, असे बहुतेकांना वाटे. थॉम्पसन यांनी १९७२ मध्ये युनिक्सचा गाभा ‘सी’त लिहून पाहिला आणि प्रयत्न सोडून दिला. वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका नावाखाली बांधण्याची सोय भाषेत नव्हती, ही त्यातली मोठी अडचण. रिची यांनी ती सोय भाषेत आणली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून गाभा ‘सी’त उतरवला.

या घटनेचे महत्त्व पुढे कळले. यंत्राच्या बोलीत लिहिलेली प्रणाली त्या यंत्राबरोबरच कालबाह्य होते. ‘सी’त लिहिलेली प्रणाली दुसऱ्या यंत्रावर नेता येते. १९७७ मध्ये युनिक्स एका अगदी वेगळ्या कंपनीच्या, ‘इंटरडेटा’च्या यंत्रावर चालवून दाखवण्यात आले. टेलिफोन कंपनीला १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे संगणकाच्या व्यवसायात उतरता येत नव्हते. साहजिकच युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मिळू लागले आणि त्याच्याबरोबर ‘सी’ही जगभर पोहोचली.

दोन लेखकांचे पुस्तक

सहकारी ब्रायन कर्निघन यांच्यासह रिची यांनी लिहिलेले ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक १९७८ मध्ये आले. जेमतेम सव्वादोनशे पानांचे हे पुस्तक संगणकाच्या जगात ‘के अँड आर’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. कॅपिटल अक्षर स्मॉल करण्याचे छोटे उदाहरण या पुस्तकात आहे आणि त्याला जोडूनच एक सावधगिरीची सूचनाही आहे. ही युक्ती ‘आस्की’पुरती आहे. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील संकेतात अक्षरांचे आकडे सलग नसतात. ‘आय’ आणि ‘जे’ यांच्या मध्ये रिकाम्या जागा असतात. तेथे ही युक्ती चुकेल. आपल्या उदाहरणाची मर्यादा तेथल्या तेथे सांगून टाकणारे हे लेखन, भपक्याचा स्पर्शही नसलेले. पुढे आलेल्या अनेक पाठ्यपुस्तकांनी या पुस्तकाचा कित्ता गिरवला.

महाराष्ट्रात ‘सी’ घरोघरी नेली ती नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने. मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंतच्या संगणक वर्गांत त्याच्या आवृत्त्या फिरत राहिल्या. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातील अनेक मध्यमवर्गीय घरांत संगणकाची नोकरी ही बदलत्या नशिबाची वाट ठरली आणि त्या वाटेवरचा पहिला टप्पा बहुधा ‘सी’च असे.

भाषेचा प्रसार वाढला तसे तिचे नियम अधिकृतपणे ठरवणे गरजेचे झाले. त्यासाठी १९८३ मध्ये अमेरिकेत समिती नेमली गेली. रिची समितीच्या कामात लुडबूड करीत नसत. पण १९८८ मध्ये भाषेत एक नवी, गुंतागुंतीची तरतूद घुसवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा या अबोल माणसाने समितीला कडक शब्दांत पत्र लिहिले. ती तरतूद मागे घेण्यात आली. १९८९ मध्ये मानक मंजूर झाले आणि अक्षर कॅपिटल वा स्मॉल करणारी ‘टू-अपर’ व ‘टू-लोअर’ ही कार्ये त्यात रीतसर आली. आकड्यांचा संकेत कोणताही असो, ती तपासणी करूनच अक्षर बदलतात.

साधेपणाची किंमत

‘सी’च्या साधेपणाची एक बाजू जगाला महागात पडली. शब्दाची लांबी कोठे लिहिलेली नाही आणि शेवट फक्त शून्याने कळतो. ठरलेल्या जागेपेक्षा मोठा मजकूर आला, तर ‘सी’ आपणहून अडवत नाही. तो शेजारच्या जागेत सांडतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ या उपद्रवी आज्ञावलीने ज्या पळवाटा वापरल्या, त्यांतली एक हीच होती. त्यानंतरच्या काळातही अशा चुकांतून असंख्य यंत्रांत घुसखोरी झाली. शिरगाव लिहायला नऊ बाइट लागत असताना आठच राखून ठेवणारा विद्यार्थी नकळत याच चुकीच्या वाटेवर असतो.

रिची यांनी भाषेतील दोष लपवले नाहीत. १९९३ मध्ये संगणकभाषांच्या इतिहासावरील परिषदेत त्यांनी ‘सी’च्या जडणघडणीवर निबंध सादर केला. कोणती गोष्ट विचारपूर्वक झाली, कोणती जुन्या यंत्राच्या सोयीसाठी झाली आणि कोणती अंगवळणी पडली म्हणून तशीच राहून गेली, हे त्यांनी तटस्थपणे नोंदवले. श्रेय देताना थॉम्पसन आणि रिचर्ड्स यांचा वाटा त्यांनी आवर्जून सांगितला. आपल्याच निर्मितीचा असा निःस्पृह ताळेबंद मांडणारे शास्त्रज्ञ थोडेच.

देवनागरीचे काय?

‘एक अक्षर म्हणजे एक बाइट’ हे गणित इंग्रजीसाठी ठीक होते. जगातील इतर लिप्यांचा विचार त्यात नव्हता. जर्मनमधील काही अक्षरे आस्कीत नव्हतीच. तुर्कीत टिंब असलेला ‘आय’ कॅपिटल झाल्यावरही टिंब राखतो. ३२ चा हिशेब तेथे लागू पडत नाही. देवनागरीचा तर प्रश्नच वेगळा. आपल्या लिपीत कॅपिटल आणि स्मॉल हा भेदच नाही. इंग्रजी छापखान्यात कॅपिटल खिळे वरच्या पेटीत आणि स्मॉल खिळे खालच्या पेटीत ठेवत. इंग्रजीत या अक्षरांची ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ ही नावे त्यावरूनच पडली. मराठी खिळेजुळाऱ्याला असा भेद कधी करावा लागला नाही. त्याची कसोटी काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांत लागे.

१२८ आकड्यांच्या आस्कीत देवनागरीला जागा नव्हती. भारतीय मानक ‘इस्की’ १९९१ मध्ये आले आणि त्याच सुमारास जगातील लिप्यांना सामावू पाहणारे ‘युनिकोड’ही आकाराला आले. पण बाइटवर उभ्या असलेल्या ‘सी’ आणि युनिक्सच्या जगात ही हजारो अक्षरे बसवायची कशी? त्याचे उत्तर रिची यांच्याच दालनाशेजारून आले. त्यांच्या संशोधन गटातील केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात रात्रीच्या जेवणाच्या वेळी टेबलावरील कागदावर ‘यूटीएफ-८’ या पद्धतीचा आराखडा मांडला. ‘प्लॅन ९’ या त्यांच्या नव्या कार्यप्रणालीत ती लगोलग वापरात आली. तो प्रकल्प ज्या विभागात चालला, त्याची धुरा पुढे रिची यांच्याकडे होती.

यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षरे पूर्वीसारखीच एका बाइटची राहिली. इतर लिप्यांच्या अक्षरांना दोन, तीन वा चार बाइट मिळाले आणि त्यांतील प्रत्येक बाइटची किंमत १२८ किंवा त्याहून अधिक ठेवण्यात आली. देवनागरीतील ‘शिरगाव’ हा शब्द श, वेलांटी, र, ग, काना आणि व अशा सहा चिन्हांचा. प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण अठरा बाइट. विद्यार्थ्याने आपली तीच आज्ञावली या शब्दावर चालवली, तर ९७ ते १२२ मधला एकही बाइट तिला सापडत नाही. अठराही बाइट जसेच्या तसे राहतात आणि शब्द अखंड बाहेर पडतो. मराठीचा गंधही नसलेल्या जुन्या आज्ञावल्यांतून मराठी मजकूर सुखरूप वाहू शकला, त्यामागे हे शहाणपण आहे. ‘सी’ मात्र या शब्दाची लांबी विचारल्यास आजही अठराच सांगते. बाइट मोजणे तिला कळते. अक्षर मोजणे आपल्याला शिकवावे लागते.

शेवटची वर्षे

मानसन्मान रिची यांच्याकडे चालत आले. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९८३ मध्ये त्यांना आणि थॉम्पसन यांना विभागून मिळाला. १९९८ साठीचे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक दोघांना अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते देण्यात आले. रिची यांच्या दिनक्रमात त्याने फरक पडला नाही. दुपारच्या सुमारास कार्यालयात यावे आणि रात्री उशिरापर्यंत काम करावे, ही त्यांची सवय कायम राहिली. सहकाऱ्यांत ते ‘डीएमआर’ या आद्याक्षरांनी ओळखले जात. जुन्या युनिक्सच्या पुस्तिका आणि ‘सी’चे सुरुवातीचे मसुदे शोधून, जुळवून सर्वांसाठी खुले करण्याचे काम त्यांनी मनापासून केले. चार दशकांच्या सेवेनंतर २००७ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांनी लग्न केले नाही.

२०११ चा जपान पुरस्कार रिची व थॉम्पसन यांना जाहीर झाला. मार्चमधील भूकंप आणि त्सुनामीमुळे तोक्यो येथील सोहळा रद्द झाला, तेव्हा मे महिन्यात मरे हिलच्या आवारातच त्यांना तो प्रदान करण्यात आला. कर्करोग आणि हृदयविकार यांनी त्यांची प्रकृती तोवर खालावली होती. १२ ऑक्टोबर २०११ रोजी बर्कले हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहत. वय अवघे सत्तर वर्षांचे होते.

त्याच्या आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, ‘अ‍ॅपल’चे स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते. जगभरातील वृत्तपत्रांची पहिली पाने त्यांच्या आठवणींनी भरली होती. रिची यांची वार्ता प्रथम पसरली ती जुन्या सहकाऱ्याने इंटरनेटवर लिहिलेल्या काही ओळींतून. जॉब्ज यांच्या फोनचा आणि संगणकाचा गाभा युनिक्सच्या वंशातला आणि ‘सी’च्या कुळातला होता, हे त्या आठवड्यात फार थोड्यांच्या ध्यानात आले. आज बहुसंख्य मोबाइल फोनमध्ये असलेल्या ‘अँड्रॉइड’च्या तळाशी ‘लिनक्स’ आहे आणि लिनक्सचा गाभा बहुतांशी ‘सी’तच लिहिलेला आहे.

संगणक शिक्षणात आता ‘पायथन’सारख्या भाषांनी मोठी जागा घेतली आहे. त्यांत शब्द कॅपिटल करायला एक शब्दाची आज्ञा पुरते. आकडा, बिट आणि बत्तीसचे अंतर नजरेस पडत नाही. पण पायथनची सर्वाधिक वापरली जाणारी आवृत्तीही मुळात ‘सी’त लिहिलेली आहे. त्या एका आज्ञेच्या पोटात कोठे तरी एकेक अक्षर उचलून, तपासून, बदलून पुन्हा जागेवर ठेवले जात असतेच. मरे हिलच्या प्रयोगशाळेत पेटंटच्या अर्जांसाठी आणलेल्या यंत्रावर रिची यांनी जी सोय केली, ती तीच आहे.